दहा हात झाले, पण बोललात किती? ब्रिजच्या गुणांचा हिशेब

एकाच डावाचे दोन निकाल बघा. हुकूम इस्पिक आणि एका जोडीने तेरापैकी दहा हात केले. त्यांच्या नावावर १७० गुण लागले. पलीकडच्या टेबलावर पानांचं वाटप हेच, हुकूम हाच, झालेले हातही दहाच, पण गुण ६२०. लिहिणाऱ्याची चूक नाही. पहिल्या जोडीने "नऊ करू" म्हणून दहा केले, दुसरीने "दहा करू" म्हणून दहा केले. साडेचारशे गुणांचा फरक त्या एका शब्दाचा.

हुकुमाचे इतर खेळ खेळलेला माणूस ब्रिजकडे येतो तेव्हा पानं खेळणं त्याला जड जात नाही. आलेला रंग पाळायचा, तो नसेल तर कापायचं, मोठं पान हात नेतं, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. तो अडतो गुणांच्या तक्त्यापाशी. कुठे वीस, कुठे तीस, मध्येच चाळीस, कधी पन्नासाचा दंड तर कधी एकदम आठशेचा. बरेच शिकवणारे हा तक्ता अगदी शेवटी काढतात, "होईल हळूहळू पाठ" म्हणून. मला हे उलटं वाटतं. ब्रिजमध्ये माणसं बोलतात ती तशी का बोलतात, हे तक्त्याशिवाय उलगडतच नाही. म्हणून खेळाचे नियम इथे झटपट उरकते आणि मग तक्त्यापाशी बसते.

चौघे खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू. जागांना दिशांची नावं असतात: उत्तर-दक्षिण ही एक जोडी, पूर्व-पश्चिम दुसरी. बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा. एक्का सगळ्यात मोठा, दुर्री सगळ्यात लहान. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात. म्हणजे डावात हात तेरा. पानं पडायच्या आधी बोली होते आणि त्या बोलीत दोन गोष्टी ठरतात: हुकूम कोणता आणि कोण किती हात करायचं कबूल करतंय.

बोलीतला आकडा सरळ हातांचा नसतो, त्यात सहा मिळवायचे असतात. "एक इस्पिक" म्हणजे सहा अधिक एक, सात हात. "चार इस्पिक" म्हणजे दहा. "सात" म्हणजे तेराच्या तेरा. तेरातले निम्म्याहून जास्त करणार असाल तरच तोंड उघडा, असा त्यामागचा हिशेब. (टेबलावर "फोर स्पेड्स" असंच ऐकू येतं, मी इथे मराठी नावं वापरते आहे.) रंगांना चढती भाजणी आहे: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सगळ्यांच्या वर नो ट्रम्प, म्हणजे हुकूमच नाही. नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा वरची हवी. "एक इस्पिक"वर "एक बदाम" म्हणता येत नाही, "दोन बदाम" म्हणावं लागतं. सात पायऱ्या आणि पाच प्रकार, अशा एकूण ३५ बोल्या. त्याशिवाय पास, डबल आणि रिडबल. एखाद्या बोलीनंतर ओळीने तीन पास आले की बोली संपली. पहिल्या फेरीतच चौघांनी पास म्हटलं, तर डाव तिथेच मिटतो आणि दोन्हीकडे शून्य.

शेवटची बोली जिंकलेल्या जोडीत तो रंग ज्याने आधी उच्चारला तो डिक्लेअरर. त्याच्या डाव्या हाताचा खेळाडू पहिली उतारी करतो. ते पान पडलं की डिक्लेअररचा भिडू आपली तेरा पानं टेबलावर उघडी मांडतो आणि त्या डावापुरता गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. दोन्ही हातांची पानं डिक्लेअररच खेळवतो. डमीने सुचवायचं नाही, खाकरायचं नाही, भुवईसुद्धा उडवायची नाही. नव्या माणसाला ब्रिजमधली सगळ्यात अवघड शिस्त कुठली वाटत असेल तर ही.

आता तक्ता. किलवर आणि चौकट यांच्या प्रत्येक कबूल हाताला २० गुण, बदाम आणि इस्पिक यांना ३०. नो ट्रम्पला पहिल्या हाताचे ४० आणि पुढच्या प्रत्येकाचे ३०. हे गुण सहाच्या वरच्या हातांचेच. पहिल्या सहा हातांना काहीही नाही. "दोन इस्पिक" बोलून आठ हात केले तर ६०. इथपर्यंत सोपं आहे. यापुढची एक रेघ सगळा खेळ फिरवते आणि ती रेघ शंभराची आहे.

कबूल केलेल्या हातांचे गुण शंभर किंवा जास्त झाले की त्याला गेम म्हणतात. त्यावर घसघशीत बक्षीस आहे: साध्या स्थितीत ३००, "व्हल्नरेबल" असाल तर ५००. (हा शब्द काय आहे ते पुढे येतं.) शंभरच्या आत राहिलात तर बक्षीस फक्त ५०, मग तुम्ही व्हल्नरेबल असा वा नसा. शंभर कसे होतात? नो ट्रम्पमध्ये तीनच्या बोलीला: ४०, ३०, ३०. बदाम-इस्पिकात चारच्या बोलीला: १२०. किलवर-चौकटीत पाचपर्यंत जावं लागतं. म्हणजे नऊ, दहा आणि अकरा हात. किलवर-चौकटीचा गेम महाग पडतो, म्हणून दोघांत मिळून चौकटीची नऊ पानं असली तरी जोड्या आधी "तीन नो ट्रम्प जमतं का" हे चाचपून बघतात. हुकुमाशिवाय नऊ हात करणं बरेचदा हुकुमासह अकरा करण्यापेक्षा सोपं जातं.

सगळी मेख "कबूल केलेल्या" या शब्दांत आहे. वर झालेल्या हातांचे गुण मिळतात, पण ते शंभराच्या रेघेसाठी धरत नाहीत. म्हणून सुरुवातीचे ते दोन आकडे: "तीन इस्पिक" बोलून दहा हात केले तर ९०, त्यावर ५० आणि वरच्या हाताचे ३०, एकूण १७०. "चार इस्पिक" बोलून तेच दहा व्हल्नरेबल असताना केले तर १२० अधिक ५००, म्हणजे ६२०.

हे नेहमीच असं नव्हतं. याआधीच्या ऑक्शन ब्रिजमध्ये कमी बोलून जास्त हात केले तरी ते गेममध्ये धरले जात. साहजिकच लोक बोली जिंकण्यापुरतं बोलत आणि थांबत. कबूल केलेलेच हात धरायचे ही कल्पना प्लाफोन नावाच्या फ्रेंच खेळात आधीपासून होती. १९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट हे अमेरिकी धनाढ्य गृहस्थ फिनलंड नावाच्या जहाजाने पनामा कालव्यातून हॅवानाकडे निघाले होते. त्या प्रवासात सोबतच्या मित्रांना घेऊन त्यांनी नवा तक्ता खेळून पाहिला: कबूल तेवढंच धरायचं, मोठ्या बोलींना मोठी बक्षिसं द्यायची आणि एकदा गेम केलेल्या जोडीची जोखीम वाढवायची. त्या वाढीव जोखमीला "व्हल्नरेबल" हे नाव जहाजावरच्या एका तरुणीने सुचवलं, पण तिचं नाव पुढे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आकड्यांत नंतर फेरफार झाले तरी सांगाडा तोच राहिला, आणि आज जगभर ब्रिज म्हणून जो खेळला जातो तो हाच कॉन्ट्रॅक्ट ब्रिज. नावातच करार आहे.

करार मोडला की दंड. जितके हात कमी पडले तितके ५०, व्हल्नरेबल असाल तर प्रत्येकी १००. हा दंड रंगावर अवलंबून नाही. आणि बघा, तो बक्षिसाच्या मानाने किती किरकोळ आहे! गेम साधला तर चारशे-सहाशे, एका हाताने चुकला तर पन्नास-शंभर. तक्ताच तुम्हाला मागून ढकलत असतो: बोला, अजून एक बोला.

किती ढकलतो, ते एका डावावर बघू. दक्षिणेकडे ही पानं आहेत:

इस्पिक: एक्का, राणी, गुलाम, अठ्ठी, पंजी
बदाम: राजा, छक्की
चौकट: एक्का, सत्ती, चौवी
किलवर: नव्वी, छक्की, दुर्री

पानांचा जोर मोजायची रूढ रीत म्हणजे एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १. पुरी गड्डी ४० ची, म्हणजे एका खेळाडूच्या वाट्याला सरासरी १०. दक्षिणेकडे १४ आहेत. तिने "एक इस्पिक" म्हणून सुरुवात केली, पश्चिम पास, उत्तर "तीन इस्पिक". ही उडी म्हणजे भिडूला दिलेला निरोप आहे: "माझ्याकडे इस्पिकची चार पानं आहेत आणि दहा-बारा जोर आहे. तुझ्याकडे थोडं जास्त असेल तर चार बोल." असे संकेत ठरवायला मुभा आहे, पण ते प्रतिपक्षापासून लपवायचे नसतात, त्यांनी विचारलं तर अर्थ सांगावा लागतो. पूर्व पास म्हणाली. आता दक्षिणेने पास म्हणायचं की चार?

दोघींत मिळून २५-२६ जोर असला तर गेम सहसा जमतो असा ठोकताळा आहे. इथे १४ आणि बहुधा दहा-अकरा, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. समजा ती "चार" म्हणाली, तिघांनी पास म्हटलं, पश्चिमेने किलवरचा राजा उतरला आणि उत्तरेने पानं मांडली:

इस्पिक: राजा, दश्शी, छक्की, तिर्री
बदाम: अठ्ठी, पंजी, तिर्री, दुर्री
चौकट: राजा, नव्वी
किलवर: एक्का, सत्ती, पंजी

दक्षिण आता पान टाकायच्या आधी मोजणार, आणि मोजायलाच हवं. किलवरचे दोन हात जाणार, त्याला इलाज नाही. चौकटीचे एक्का-राजा आपले आहेत आणि तिसरं पान डमीकडच्या हुकुमाने कापता येतं. इस्पिकचे पाच हात हातातले, एक डमीत कापलेला, दोन चौकटीचे, किलवरचा एक्का: झाले नऊ. दहावा कुठून? बदामचा राजा. तो चालेल का, हे बदामचा एक्का कुणाकडे आहे त्यावर अवलंबून.

किलवरचा एक्का डमीतून खेळून तिने हात घेतला. डमीतून इस्पिकचा राजा, मग इस्पिक खेळून आपल्या एक्क्याने हात. प्रतिपक्षाची इस्पिकची चार पानं दोन-दोन वाटलेली होती, संपली. मग चौकट चौवी खेळून डमीच्या राजाने हात, डमीतली नव्वी आपल्या एक्क्याखाली, आणि सत्ती खेळून ती डमीच्या दश्शीने कापली. आता खेळी डमीकडे आहे आणि इथून बदामची दुर्री निघते. यासाठीच डमीत यायचं होतं. पूर्व आधी खेळणार, मग दक्षिण, शेवटी पश्चिम. एक्का पूर्वेकडे असेल तर तिची पंचाईत: तो टाकला तर दक्षिण छक्की टाकून राजा राखणार, नाही टाकला तर राजा लगेच हात नेणार. एक्का पश्चिमेकडे असेल तर राजा त्याच्या तोंडी गेला, पाठोपाठ बदामचा दुसरा हातही गेला, आणि हिशेब नऊवर थांबला.

म्हणजे गेम होण्याची शक्यता जवळपास निम्मी. नाणं उडवल्यासारखी. अशा ठिकाणी चार बोलणं शहाणपणाचं की नाही, हे पानं सांगत नाहीत. ते तक्ता सांगतो. समजा जोडी व्हल्नरेबल आहे. एक्का पूर्वेकडे असेल तर चार बोलल्याचे ६२०, तीनवर थांबल्याचे १७०: फायदा ४५० चा. एक्का पश्चिमेकडे असेल तर चार बोलल्याचे उणे १००, तीनवर थांबल्याचे १४०: तोटा २४० चा. निम्म्या शक्यतेला मिळायचे साडेचारशे आणि जायचे दोनशे चाळीस. ही बोली सोडवत नाही. दक्षिणेने चार म्हणावं, आणि एक्का पश्चिमेकडे निघाला तरी तिने चूक केली असं मानू नये. नव्या जोड्या इथे भांडतात. पडलेल्या डावाचा दोष बोलीवर ढकलणं सोपं असतं.

व्हल्नरेबल म्हणजे काय, हे आता सांगता येईल. घरगुती रबर ब्रिजमध्ये जी जोडी एक गेम करते ती व्हल्नरेबल होते. दोन गेम आधी करणाऱ्याचं रबर. तेही दोन-शून्य असेल तर ७००, दोन-एक असेल तर ५०० बक्षीस. स्पर्धेत प्रत्येक डाव स्वतंत्र धरतात, म्हणून तिथे ही स्थिती डावाच्या क्रमांकावरून आधीच ठरलेली असते: पहिल्या डावात कुणीच नाही, दुसऱ्यात उत्तर-दक्षिण, तिसऱ्यात पूर्व-पश्चिम, चौथ्यात दोघेही. पानं ज्या पाकिटात येतात त्यावर ते छापलेलंच असतं. या लेखातले आकडे स्पर्धेच्या तक्त्याचे आहेत. रबरचा हिशेब रेघेच्या वर आणि खाली असा लिहितात. तो थोडा वेगळा आहे.

बारा हात कबूल करून केले तर स्मॉल स्लॅम: गेमच्या बक्षिसावर आणखी ५००, व्हल्नरेबल असाल तर ७५०. तेराच्या तेरा हा ग्रँड स्लॅम: १००० किंवा १५००. व्हल्नरेबल "सहा इस्पिक" केलं की १८०, ५०० आणि ७५० मिळून १४३०. अशी पानं फार वेळा येत नाहीत.

डबलवर मात्र थांबायला हवं, कारण नव्यांचे सगळ्यात जास्त गुण तिथेच सांडतात. प्रतिपक्षाची बोली ऐकून "हे तुम्हाला होणार नाही" असं वाटलं तर डबल म्हणायचं. (पहिल्या फेरीत खालच्या बोलीवरचं डबल बहुधा वेगळ्या अर्थाचं असतं: भिडू, तुझा चांगला रंग सांग. दोन्ही अर्थांना शब्द एकच, आणि त्यातून जे घोळ होतात त्यावर स्वतंत्र लेख होईल.) डबल लागलं की दंड चढत्या भाजणीने वाढतो. साध्या स्थितीत पहिल्या पडलेल्या हाताचे १००, दोन पडले तर एकूण ३००, तीन ५००, चार ८००, आणि पुढे प्रत्येकी ३००. व्हल्नरेबल असेल तर पहिलाच २०० चा, मग ५००, ८००, ११००. त्यावर बोली लावणाऱ्या जोडीने उलट रिडबल म्हटलं तर याच्या दुप्पट.

पण डबल करूनही त्यांनी बोली पुरी केली तर? हातांचे गुण दुप्पट होतात, वर ५० मिळतात, आणि दुप्पट झालेले गुण शंभराच्या रेघेसाठी धरले जातात. मी नवीन असताना प्रतिपक्ष "दोन बदाम"वर थांबला होता. माझ्या हातात तीन मोठी पानं होती, मी आवेशाने डबल म्हटलं. त्यांनी नेमके आठ हात केले. डबल नसतं तर ६० अधिक ५०, म्हणजे ११० गुण. डबलमुळे ६० चे १२० झाले, शंभर ओलांडले, गेमचे ३०० आले, वर ५०: एकूण ४७०. माझे भिडू वयाने बरेच मोठे होते. त्यांनी पानं गोळा करता करता एवढंच म्हटलं, "अगं, दोनवर अडवायला गेलीस आणि त्यांना गेम देऊन आलीस." तेव्हापासून दोन इस्पिक, दोन बदाम किंवा दोन नो ट्रम्प यांना डबल म्हणण्याआधी मी दोनदा मोजते. दोन चौकटीला ही भीती नाही, कारण तिथे ४० चे ८० होतात आणि रेघेच्या आतच राहतात.

दंडाचा हा तक्ता उलटाही वापरता येतो, आणि मला ब्रिजमधली ही सगळ्यात गमतीची चाल वाटते. समजा प्रतिपक्ष व्हल्नरेबल आहे, "चार इस्पिक" बोलला आहे आणि ते होणार हे तुम्हाला दिसतंय. त्यांना ६२० मिळणार. तुम्ही व्हल्नरेबल नाही आणि दोघांकडे मिळून चौकटीची दहा पानं आहेत. तुम्ही "पाच चौकट" म्हणता. होणार नाही हे माहीत असूनच. ते डबल करतात, तुमचे तीन हात कमी पडतात, ५०० जातात. पण ६२० जाणार होते, त्यातले १२० वाचले. याला सॅक्रिफाइस म्हणतात. एक हात आणखी पडला तर ८०० जातात आणि शहाणपण अंगाशी येतं. दोन्ही जोड्या साध्या स्थितीत असतील तर त्यांचा गेम ४२० चाच. मग दोन हात पडलेले परवडतात, तीन नाही. बक्षीस आणि दंड यांतलं हे अंतर किती हातांचं आहे, ते बोलीच्या आधी मनात तयार ठेवावं लागतं.

या युक्तीने तक्ताच बदलायला लावला. पूर्वी साध्या स्थितीत डबल लागल्यावर पहिल्या हातानंतर प्रत्येक पडलेला हात सरसकट २०० चा होता: १००, ३००, ५००, ७००, ९००. आता व्हल्नरेबल जोडीचा "सात इस्पिक" हा ग्रँड स्लॅम २२१० चा. जुन्या तक्त्याने तेरापैकी अकरा हात पडले तरी दंड २१०० च होत होता! म्हणजे हातात काहीही नसताना काहीतरी अचाट बोलायचं, जेमतेम दोन हात करायचे, आणि तरीही शंभराने फायद्यात. १९८७ च्या नियमांत चौथ्या हातापासून दंड ३०० केला. आज तेच अकरा हात २९०० ला पडतात.

एवढं झाल्यावर एक प्रश्न राहतो: चांगली पानं आली तो जिंकला, यात कौशल्य कुठलं? यावरचं उत्तर डुप्लिकेट ब्रिज. तेच वाटप अनेक टेबलांवर खेळवतात. प्रत्येक खेळाडू आपली पानं आपल्यासमोरच टाकतो, डाव संपला की तेरा पानं पाकिटात परत जातात आणि पाकीट पुढच्या टेबलाकडे. मग तुमची तुलना समोरच्या जोडीशी होत नाही. तुमचीच पानं घेऊन तुमच्याच दिशेला बसलेल्या बाकी जोड्यांशी होते. एका वाटपात एका खेळाडूला तेरा पानं ६३५ अब्जांहून अधिक प्रकारे येऊ शकतात. त्यातली तुमच्या वाट्याला आलेली फुटकी असली तरी बिघडत नाही, कारण ती सगळ्यांनाच तितकी फुटकी आली आहेत.

तुलना दोन तऱ्हांनी करतात आणि दोन्हींत शहाणपणाची बोली वेगळी ठरते. संघांच्या सामन्यात दोन टेबलांतला फरक काढून त्याचे आयएमपी नावाचे गुण करतात. हा तक्ता मुद्दाम चपटा केलेला आहे: १० पर्यंतच्या फरकाला शून्य, २० ते ४० ला १, २२० ते २६० ला ६, ४३० ते ४९० ला १०, ७५० ते ८९० ला १३, आणि ४००० च्या वर कितीही गेला तरी २४. एका अपघाती डावाने अख्खा सामना जाऊ नये हा हेतू. आपल्या बदामच्या राजाच्या डावात चार बोलून साधलं तर ४५० चे १० आयएमपी आणि फसलं तर २४० चे ६. म्हणजे सोळात सहा वेळा, ३७.५ टक्के शक्यता असली तरी व्हल्नरेबल गेम बोलायला हरकत नाही. साध्या स्थितीत हेच गणित ६ विरुद्ध ५ असं येतं आणि शक्यता ४५ टक्क्यांच्या वर लागते. स्मॉल स्लॅमला तराजू बरोबर मध्यावर येतो: व्हल्नरेबल असाल तर जमलं तरी १३ आणि चुकलं तरी १३. ग्रँड स्लॅमला मात्र १३ मिळवायला १७ पणाला लागतात, म्हणून अनुभवी जोड्या सहावर समाधान मानताना दिसतात.

दुसरी तऱ्हा मॅचपॉइंटची. इथे फरक किती याला किंमतच नाही. ज्या जोडीपेक्षा तुमचे गुण जास्त, तिच्यामागे तुम्हाला २. बरोबरी असेल तर १. हजाराने हरवा नाहीतर दहाने, मिळणार तेवढंच. त्यामुळे संघांच्या सामन्यात ज्या वरच्या हाताकडे कुणी ढुंकून बघत नाही, त्यासाठी इथे जीव टाकतात. सगळ्यांनी "चार इस्पिक" करून ४२० घेतले असतील आणि तुम्ही "तीन नो ट्रम्प" बोलून दहा हात केले असतील तर तुमचे ४३०, आणि त्या दहा गुणांवर तुम्ही सगळ्यांच्या पुढे. तसंच २०० च्या दंडाचं. गेमपर्यंत न जाणाऱ्या डावात प्रतिपक्षाला स्वतः खेळून ११० किंवा १४० मिळाले असते. तुम्ही व्हल्नरेबल असताना दोन हात पाडून घेतलेत तर त्यांना २०० मिळतात आणि त्या डावात तुमच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही.

हे सगळं पहिल्या दिवशी तोंडपाठ लागत नाही. स्पर्धांत बोली तोंडी करत नाहीत, डबीतली छापील कार्डं काढून टेबलावर मांडतात, म्हणजे आवाजाच्या चढ-उतारातून भिडूला काही कळायला नको. त्या कार्डांच्या मागे बहुधा त्या त्या बोलीचे गुण छापलेले असतात: साधे, डबल झालेले, व्हल्नरेबल असताना आणि नसताना. डाव संपला की कार्ड उलटून बघायचं. बोली चालू असताना मात्र उलटू नका. चौघांनाही कळतं तुम्ही काय मोजताय.